तळव्याची प्रत

पांढरकवडा
३ नोव्हेंबर २००५

नबीभाई,

ईद परवावर आली, म्हणून मुबारकबाद आधीच पाठवतो. पोस्टमनच्या सायकलचा भरोसा नाही आणि माझ्या पायांचा तर त्याहून नाही. पायांचं काय झालं ते सांगतो. आधी हसून घे, मग पुढे वाच.

लक्ष्मीपूजनाच्या सकाळी केळापूरला मोतीबाईच्या शेतात गेलो होतो. तुला ती आठवत असेल. आपल्या कापूस-खरेदी केंद्राच्या काट्यावर बैलगाडी स्वतः हाकत आणायची आणि तुझ्या जिनिंगच्या मशिनींना शिव्या द्यायची, तीच. पहिल्या वेचणीआधी तिच्याकडे सीतादही असते. बायका शेतात दहीभात शिंपडतात आणि मग पहिलं बोंड वेचतात. मला रिटायर होऊन सहा वर्षं झाली, तरी ते पहिलं बोंड ग्रेडरसाहेबांच्याच हातात द्यायचं हा तिचा हट्ट. मला तो गोड लागतो. जे जे गोड लागतं तेच माझं दुखणं, हे तुला सांगायला नको. मोठ्या भक्तिभावाने चपला शेताच्या कडेला धुऱ्यावर काढल्या, अनवाणी शेतभर हिंडलो, बोंड उकलून "धागा लांब आहे, डागाळलेली कवडी कमी आहे" असं भाषण केलं, दहीभात खाल्ला आणि एस.टी.ने घरी आलो.

संध्याकाळी आंघोळ करून देवघराकडे चाललो तर मागून रत्नप्रभा ओरडली, "अहो, हे लक्ष्मीचे पावलं कोनं काढले? न् काढले त काढले, एकच पाय काहून काढला?"

न्हाणीपासून देवघरापर्यंत लाल पावलं. सगळी उजवी. मीही पाहायला फिरलो, तर मी जिथे जिथे पाहायला जाई तिथे तिथे पावलं वाढत जात!

शेवटी तिने मला पाटावर बसवून पाय उलटा केला. अंगठ्याखालच्या गादीत जुनं धसकट, अर्धं बोट लांब. सकाळपासून मी ते पायात घालून एस.टी.त बसलो, उतरलो, बाजारातून झेंडू आणला. नबीभाई, डोळे मिटून मूठभर कापसातली काडी बोटांनी ओळखणारा हा तुझा दोस्त. लोक गाडी उभी करून माझ्या हाताकडे पाहायचे. हात अजून तसेच आहेत. पायाकडचा वीजपुरवठा मात्र कधी बंद झाला, मला कोणी कळवलं नाही.

साखर मला नऊ वर्षांपासून आहे, पण पथ्य कडक आहे. दिवाळी, संक्रांत आणि तुझा शीरखुर्मा सोडला तर मी काही खात नाही.

धसकट काढलं, हळद-तेल लावलं, आणि पट्टीला कापूस मात्र घरचा. माझ्या ट्रंकेत नमुन्याच्या पुड्या आहेत ना, त्यातला एच-फोर जातीचा काढला. रिटायर होताना एक पुडी तुलाही दिली होती बघ. दवाखान्यातला तो चुरगळलेला कापूस मी माझ्या पायाला लावू? जो माल मी काट्यावरून परत पाठवला असता तो?

तर जखमेची आजची प्रत: 'फेअर'. पंधरा दिवसांत 'फाइन' करून दाखवतो.

शहनाजवहिनींना सलाम.

तुझा
दीनानाथ


नेर
१२ नोव्हेंबर २००५

ग्रेडरसाहेब,

तुह्या पत्रानं ईद झाली माही. शहनाजले वाचून दाखवलं, थे पदर तोंडात कोंबून हसली. म्हने, लक्ष्मी तुमच्या दोस्ताच्या घरी लंगडी खेळत आली.

पन तू एक गोष्ट लिवली नाही. डॉक्टरले दाखवलं का? लिवलं नाही म्हंजे दाखवलं नाही. बारा सीझन एका आवारात काढले आपुन, तुह्या न लिवलेल्याची मले जास्त खबर असते. दाखव. आपल्यासारख्या साखरवाल्यायनं पायाले हलक्यात घ्या लागत नाही, असं आरिफा घरी आली की सांगत राह्यते. पोरगी यवतमाळच्या दवाखान्यात सिस्टर झाली तवापासून मले बापासारखं बोलते.

कापसाचं मात्र तुहं बराबर हाय. एच-फोरच लावजो. थो दवाखान्यातला कापूस म्हंजे मेलेला कापूस, धुऊन धुऊन त्याचा जीव गेलेला. आपला कापूस जिता हाय.

तुले अठ्ठ्याण्णवची कापसाची गंजी आठवते का? वरून अशी कोरडी, हात ठेवला त गार. सारे म्हनत होते, साहेब, बिनघोर राहा. तू लोखंडी सळई घेऊन वर चढला, पोटात खुपसली, जरा वेळ ठेवली, काढून गालाले लावली न् म्हनला, "तापली." गंजी फोडली त आतून धूर. कुठी जाळ नाही, कुठी ठिणगी नाही, आतल्या आत कापूस शिजून राह्यलता. अर्ध्या तासानं सारं जिनिंग गेलं असतं. त्या दिवशी मी म्हनलं, ह्या मानसाच्या गालाले बी डोळे हायत.

यंदा शीरखुर्मा घेऊन येनं होत नाही. दुकानात दुरुस्तीले फवारनीच्या पंपायची रीघ लागली हाय, बसल्या जागेवरून उठनं नाही. डबा एस.टी.च्या कंडक्टरजवळ देतो. अर्धाच खाजो.

तुहा
गुलाम नबी फिटर


पांढरकवडा
२७ नोव्हेंबर २००५

नबीभाई,

डबा मिळाला. अर्धाच खाल्ला. दुसरा अर्धा दुसऱ्या दिवशी.

तेरा वर्षांत पहिल्यांदा तू ईदनंतर आला नाहीस. पंपांची रीघ आम्हीही पाहिली आहे. त्या रिघेतून उठून तू येत होतास. राहू दे, यंदा तुझ्याही कंबरेला वय झालं असेल.

जखमेची प्रत आता 'फाइन' म्हणायला हरकत नाही. दुखत नाही म्हणजे अजिबात दुखत नाही. रत्नप्रभेचं मत वेगळं आहे. देवघरातल्या उदबत्त्या ती हल्ली माझ्या पायाशी लावते. मी म्हटलं, "अगं, जिवंतपणीच पूजा?" ती म्हणाली, "पूजा कायची? वास येऊन राह्यला." परवा खाटेच्या उजव्या पायाला मुंग्यांची रांग लागली होती. डाव्या पायाला एकही नाही. मुंग्यांनाही मालाची पारख असते म्हणायची.

डॉक्टरला दाखवलं, तुझा शब्द राखला. रक्त तपासलं. साखर तीनशे चाळीस. डॉक्टर म्हणाले, यवतमाळला मोठ्या दवाखान्यात जा. मी म्हटलं, पण दुखत नाही. ते म्हणाले, "तेच तर वाईट आहे." आता असा डॉक्टर तू पाहिलास का? दुखलं असतं तर म्हणाले असते वाईट आहे, नाही दुखत तरी वाईटच. मी त्यांना नमस्कार करून घरी आलो.

आणि जाऊ कसा? खरेदी केंद्र अजून उघडलेलं नाही. मोतीबाईच्या घरात कापूस आढ्याला लागला आहे. ती आणि तिचा नवरा धावजी ओसरीत झोपतात. पेपर उघडायची भीती वाटते असे दिवस. रोज सकाळी पाच-दहा माणसं मूठभर कापूस पिशवीत घालून माझ्या ओट्यावर येतात. "साहेब, ह्याले काय प्रत भेटन?" मी पाहतो, दाबतो, धागा ओढून सांगतो. व्यापाऱ्याने उद्या माल वाईट म्हटला तर त्यांच्या तोंडात एक शब्द तरी असतो. मी यवतमाळला जाऊन पडलो तर त्यांना सांगणार कोण?

हे झालं लोकांसाठी. तुला खरं सांगतो. तेवढीच खुर्ची उरली आहे माझी, नबीभाई. खालून पाय कुजला तरी वरून माणूस ग्रेडरसाहेब दिसतो.

'कुजला' हा शब्द ओघात आला. तसं काही नाही.

तुझा
दीनानाथ


यवतमाळ
६ डिसेंबर २००५

दीनानाथकाका, आदाब.

अब्बांना लिहिलेलं तुमचं पत्र मी वाचलं. त्यांनीच दिलं वाचायला. ते सध्या लिहायच्या बैठकीत नाहीत, म्हणून मी लिहिते. रागावून लिहिणार आहे, आधीच माफी मागते.

मी रोज तीस जखमा बांधते, काका. त्यांतल्या निम्म्या साखरेच्या पायांच्या असतात. प्रत्येक माणूस तुमचंच वाक्य बोलतो, दुखत नाही. ज्या पायातून दुखल्याची बातमी वर पोचत नाही, तो पाय माणूस कुठेही ठेवतो, विस्तवातसुद्धा.

जखमेच्या आत काय चालतं ते तुम्हाला कळेल असं सांगते. अब्बांनी मला लहानपणी ती गंजीची गोष्ट हजार वेळा सांगितली आहे. जखम झाली की शरीर तिथे मुद्दाम आग पेटवतं. रक्तातल्या पांढऱ्या पेशी येतात आणि ऑक्सिजनचे फार उनाड कण सोडतात. ते कण जंतू जाळतात, सडकं मांस जाळतात. म्हणून जखम आधी लाल, गरम, सुजलेली असते. निरोगी माणसात चार दिवसांत काम झालं की शरीर स्वतःच ही आग विझवतं आणि नवं मांस भरायला घेतं. साखर वाढलेली असली की त्या साखरेनेच हे उनाड कण आणखी तयार होतात आणि विझवणारे कमी पडतात. आग जंतू संपले तरी जळत राहते, आणि जे नवं मांस धरायला लागलेलं असतं त्यालाही खाते. वर जाळ नाही, ठिणगी नाही. जखम महिनोन्‌महिने पहिल्याच दिवशी अडकून राहते आणि आत हाडाकडे सरकत जाते. काका, तुम्ही गंजीवर उभे आहात आणि वरून हात लावून म्हणताय, गार आहे.

आता तुमचा एच-फोर. तुम्ही दोघांनी मिळून माझं डोकं फिरवलं आहे. एका वाटीत पाणी घ्या. त्यात तुमच्या पुडीतला एक बोळा टाका आणि दवाखान्यातल्या कापसाचा एक टाका. मग बघा आणि मला कळवा. जखमेत राहिलेला कच्च्या कापसाचा एकेक तंतू त्या आगीत आणखी एक काडी टाकतो.

लगेच या. मी इथे आहे. अब्बांना उत्तर पाठवायचं तर नेरच्याच पत्त्यावर पाठवा.

तुमची
आरिफा


पांढरकवडा
१२ डिसेंबर २००५

आरिफा बेटा,

तुझं पत्र रत्नप्रभेने मोठ्याने वाचलं. मग पुन्हा वाचलं. मग शेजारच्या कोकिळाबाईंना बोलावून तिसऱ्यांदा वाचलं. मी ओट्यावर बसून दाढी खाजवत होतो.

वाटीचा प्रयोग केला. औषधी दुकानातून कापूस आणला. तो पाण्याला टेकला न टेकला तोच बुडाला. माझा एच-फोर बदकासारखा तरंगत राहिला. दुपारी तरंगत होता, चार वाजता तरंगत होता. मी बोटाने दाबला, तो पुन्हा वर. रत्नप्रभा हसून हसून रडायला लागली. "छत्तीस वर्षं त्या कापसात घातले न् त्याले पानी पिता येत नाही एवढं ठाऊक नाही?"

ठाऊक होतं, बेटा. कच्च्या कापसाचा मेणचटपणा धाग्याला धरून असतो, हे मी नवीन ग्रेडरांना शिकवत होतो. पण ते गाडीतल्या कापसाबद्दल. पायाला लावल्यावर कापसाचा धर्म बदलतो असं मी धरून चाललो. जखमेतलं पाणी शोषून घ्यायचं सोडून मी वर झाकण ठेवत होतो, तेही पहिल्या प्रतीचं.

आणखी एक कबुली. तुझ्या पत्रातल्या त्या उनाड कणांवर मी अभ्यास केला. माझ्याकडे जुने पेपर कापून ठेवलेले असतात, तुला माहीत आहे. त्यात एका ठिकाणी सापडलं की अशा कणांना आवळा आवरतो. लगेच कामाला लागलो. घरात आवळ्याचा एकच प्रकार होता, तो मी सकाळ-संध्याकाळ तीन दिवस घेतला. चौथ्या दिवशी रत्नप्रभेने मोरावळ्याची रिकामी बरणी पाहिली आणि माझ्याकडे पाहिलं. अर्धा आवळा आणि अर्धी साखर, बेटा. विझवायला म्हणून घागर ओतली आणि घागरीत रॉकेल निघालं. साखर आता चारशे दहा आहे.

येतो म्हणतो. केंद्र उघडलं की पहिल्या एस.टी.ने. मोतीबाईचा माल एकदा काट्यावर चढू दे.

तुझा
मोरावळाकाका


नेर
१७ डिसेंबर २००५

ग्रेडरसाहेब,

मोरावळ्याचं ऐकलं. दोन दिवस हसू आवरत नाही, हसलं की टाका ओढते.

पंपायचं काम चालू हाय. मी बरा. तू यवतमाळले जाय. केंद्र-बिंद्र काही नोको सांगू. जाय म्हंजे जाय.

तुहा
गु. न.


पांढरकवडा
२२ डिसेंबर २००५

नबीभाई,

कार्डावर तू 'नेर' लिहिलंस. पोस्टाचा शिक्का यवतमाळचा आहे. तुझं अक्षर उजवीकडे उतरत गेलं आहे, म्हणजे तू आडवा पडून लिहिलं आहेस. आणि 'टाका ओढते' हे तू लिहून गेलास, खोडायचं राहिलं. कोणता टाका? मी स्वतःच्या पायाच्या बाबतीत आंधळा असेन. दुसऱ्याच्या मालाची तपासणी अजून जमते. काय झालं आहे ते लिही. आरिफाच्या पत्रातसुद्धा मला तेव्हाच वास यायला हवा होता, पण मी तेव्हा स्वतःच्याच वासात होतो.

काल मोतीबाई आली. डोक्यावर बोचकं. मी खुर्ची सरसावली, हात पुढे केला. तिने बोचकं उघडलंच नाही. खाली बसली आणि म्हणाली, "पाय दाखवा."

मी म्हटलं, "मोतीबाई, कापूस दाखव."

"माह्या कापसात कोपरापर्यंत हात घालून आतली ओल काढता, साहेब, न् सोताच्या पायाले वरून पाहता का? माह्या शेतात लागलं थे. पाय दाखवल्याबिगर मी कापूस दाखवत नाही, न् गावातल्या कोनालेच येऊ देत नाही."

मी म्हटलं, "मग प्रत कोण सांगेल?"

"छत्तीस वर्षं ऐकून राह्यलो आम्ही. काय ऐकलं नाही आम्ही? धागा ओढाचा, कवडी पाहाची, मुठीत दाबाचा. मी सांगीन. तुम्ही पाय घेऊन निंगा."

आणि खरंच, नबीभाई, तिथेच बसून तिने आपल्या बोचक्यातला कापूस काढला, दाबला, धागा ओढला आणि प्रत सांगितली. बरोबर सांगितली. माझी खुर्ची अशी पाच मिनिटांत गेली.

ती गेल्यावर मी रत्नप्रभेला म्हटलं, माझ्या दोन्ही पायांना हात लावून बघ. तिने एक तळवा इथे, एक तिथे ठेवला. बराच वेळ ठेवला. मग माझ्या उजव्या पायावरचा हात काढून आपल्या गालाला लावला. तिला ते कोणी शिकवलं नव्हतं.

"हा तापला," म्हणाली.

मला भीती वाटते, नबीभाई. डॉक्टरची नाही. बघितल्यावर जे आहे ते आहे होईल, त्याची. तू काय ते लिही, मग मी निघतो.

दीनानाथ


यवतमाळ
२६ डिसेंबर २००५

दीनाभाऊ,

यवतमाळच लिवलं वर. आता लपवून काय फायदा.

माहा डावा पाय गेला. गुडघ्याच्या खाली कापला, तीस नोव्हेंबरले. तुहं एकच पाऊल काढल्याचं पत्र आलं, तवा माह्या टाचेले महिन्याची जखम होती. शहनाजले ठाऊक नव्हतं, मी मोजे घालून राहाचो. पंपायची रीघ-बीघ काही नव्हती. बसल्या जागेवरून उठनं होत नव्हतं, एवढंच खरं लिवलं होतं.

न् थो कापूस. तुही एच-फोरची पुडी मी जपून ठेवली होती, थ्याच्यातलाच लावून राह्यलतो. तुह्या पत्रात वाचलं का तू बी थोच लावते, त मले एवढी खुशी झाली, दीनाभाऊ! म्हनलं ग्रेडरसाहेब लावते म्हंजे आपलं बराबर हाय. न् मी तुले लिवलं, थोच लावजो. तू माह्यावर भरोसा ठेवला, मी तुह्यावर ठेवला. दोघायनं मिळून अशी गाडी पास केली का विचारू नोको.

आरिफा म्हनते, पाय कापसानं नाही गेला, साखरेनं गेला न् उशिरानं गेला. कापूस आपला हट्ट होता फक्त. तुले कळवू नोको म्हनून मीच तिले कसम घातली. तू म्हनशीन माही पुडी, न् बसशीन रडत. म्हनून थे पत्र नेरच्या नावानं.

मी तुले म्हनलं डॉक्टरले दाखव. मी नव्हतं दाखवलं. सांगनारा मानूस सोता सोडून साऱ्यायले सांगते.

एक तारखेले मले सुट्टी हाय. त्याच्या आधी ये. शेजारची खाट मोकळी हाय. सळई गालाले लावनारा मानूस तू, दीनाभाऊ. जे हाय थे हाय व्हू दे. गंजी फोडल्याबिगर वाचत नाही.

गुलाम नबी


यवतमाळ, दवाखाना
७ जानेवारी २००६

नबीभाई,

तुझी-माझी एका दिवसाने चुकामूक झाली. ती पण माझ्याच गुणाने. एकतीस तारखेला निघालो, स्टँडपर्यंत आलो, घर बंद करायचं राहिलं असं वाटून परत गेलो. रत्नप्रभा स्टँडवरच बसून होती, म्हणजे कुलपाची किल्ली तिच्या कंबरेला होती. दोन तारखेला पोचलो. तुझ्याच खाटेवर आहे. उशाच्या भिंतीवर तू पेन्सिलने जिनिंग मशीनचं चित्र काढलं आहेस, त्यावरून ओळखलं.

आता सळईचं ऐक.

तरुण डॉक्टरीणबाई आल्या. आरिफाने ट्रे धरला होता. पट्टी सोडली. धुतल्यावर जखमेतून काय निघालं असेल? एच-फोरचे तंतू, एकेक करून. बाईंनी चिमट्याने काढून गॉजवर मांडले. मी म्हटलं, लांबी एकोणतीस मिलिमीटर. आरिफा म्हणाली, "काका, गप बसा."

मग बाईंनी ट्रेमधून एक बोथट स्टीलची सळई उचलली. एवढीशी, विणायच्या सुईसारखी. म्हणाल्या, "आजोबा, ही आत कुठपर्यंत जाते ते बघायचं आहे. हाडाला लागली तर बोट ठेवता येणार नाही."  नबीभाई, सारा जन्म मी ही सळई दुसऱ्यांच्या मालात खुपसली. कोणाचा चेहरा तेव्हा कसा होत असेल, ते मी कधी वळून पाहिलं नव्हतं. मला नेमसिंग आठवला, ज्याची गाडी मी भर उन्हात उलटी करवली होती. तो अगदी असाच उभा होता, तोंड थोडं उघडं.

सळई आत गेली. काही दुखलं नाही. एवढंच ऐकू आलं: टक्.

सगळ्यांना ऐकू आलं. आरिफाने ट्रे खाली ठेवला आणि माझा हात धरला. तुझ्या पोरीचे हात तुझ्यासारखे आहेत, पान्हा धरावा तसे घट्ट.

चौथ्या दिवशी अंगठा आणि शेजारचं बोट गेलं. पाय राहिला. डॉक्टरीणबाई म्हणतात, आणखी आठ-दहा दिवस मी ओट्यावर बसून लोकांना प्रती सांगत राहिलो असतो, तर मीही तुझ्या पंगतीत होतो. म्हणजे हा पाय तुझ्या पत्राने आणि मोतीबाईच्या हट्टाने वाचला. माझ्या हाताला त्याचं श्रेय अजिबात नाही. ते हात तर मोरावळ्यात होते.

पुडीबद्दल. रडलो, तुझं बरोबर आहे. रत्नप्रभेला सांगितलं, ट्रंकेतल्या सगळ्या पुड्या काढ. तिने त्यांची उशी भरली. आता त्या कापसावर मी डोकं ठेवतो, पाय नाही.

दीनानाथ


नेर
१९ जानेवारी २००६

दीनाभाऊ,

खरोखर नेर. शिक्का पाहून घे.

तुह्या गेलेल्या दोन बोटायबद्दल वाचून शहनाज रडली, न् मी म्हनलं, शुकर. ती म्हने, कसले मानूस तुम्ही, दोस्ताचे बोटं गेले न् शुकर म्हनता? मी तिले म्हनलं, तुले नाही समजत. टक् ऐकून बी त्याचा पाय घरी आला.

मी कुबड्या घेऊन दुकानात बसतो. लोक पंप घेऊन येते. प्रत्येकाले पंप दुरुस्त व्हाच्या आधी चप्पल काढाले लावतो न् तळवा पाहतो. लोक म्हनते, फिटर पिसाटला. परवा एक भीमसिंग नावाचा मानूस आला, मोठा टेचात. टाचेले काळा डाग. म्हने, दुखत नाही. मी माहा पायजमा वर केला फक्त. थो पंप तसाच टाकून यवतमाळच्या एस.टी.त बसला. पंप अजून माह्याजवळच हाय.

आता हा धंदा बरा हाय. फक्त सोता सोडून नाही.

गु. न.


पांढरकवडा
२३ ऑक्टोबर २००६

नबीभाई,

ईद परवावर आहे. यंदा ईद मुबारक तोंडाने म्हणणार आहे, म्हणून इथे लिहीत नाही. आरिफाने कळवलं की जयपूरचा पाय तुला आता चांगला जमतो आणि तू एस.टी.त चढतोस. ये. पायाची बोटं आपल्या दोघांची मिळून तेरा उरली. पूर्वी वीस होती तेव्हाही आपण काही सरळ चालत नव्हतो.

शीरखुर्मा आण. मी चमचाभर चाटणार. चमचा रत्नप्रभा निवडणार आहे. तिने देवाच्या पंचपात्रीतली पळी काढून ठेवली आहे.

काल सीतादही होती. मोतीबाईने निरोप पाठवला, "साहेबायले आना, पन पाय जमिनीले लागला त मी दहीभात देत नाही." धावजीने बैलगाडी थेट धुऱ्यापर्यंत आणली. मी आरिफाने करवून दिलेले ते गुबगुबीत बूट घालून गाडीत बसून राहिलो, एखाद्या नवरदेवासारखा. बायकांनी दहीभात शिंपडला. पहिलं बोंड मोतीबाईने स्वतः वेचलं, स्वतः उकललं, धागा ओढला, आणि मला न विचारता मोठ्याने प्रत सांगून टाकली. मग माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. एवढंच काम उरलं आहे आता, नबीभाई, मान हलवायचं. वाटलं होतं वाईट वाटेल. दहीभात चांगला झाला होता.

एकच तपासणी रोज चालते, आणि ती माझ्याकडे नाही. संध्याकाळी दिवा लावला की रत्नप्रभा माझ्या खाटेशी येते, दोन्ही तळव्यांवर हात ठेवते आणि डोळे मिटते. मी श्वास धरून बसतो, गाडी उभी करून लोक बसायचे तसा. दहा महिने झाले, ती काही बोलत नव्हती; हात काढायची आणि उठून जायची.

काल शेतातून आल्यावर तिने हात ठेवले. जरा जास्तच वेळ. मग एक हात गालाला, दुसरा दुसऱ्या गालाला. आणि म्हणाली,

"दोन्ही सारखेच गार."

छत्तीस वर्षांत याहून चांगली प्रत मी कोणाच्या मालाला दिली नव्हती.

तुझा
दीनानाथ